रोहिणखेडची गोळी

बंदूक धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली होती. मोताळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी, तुरीच्या पोत्यांमागून घरधन्यांनी ती काढली आणि बाजेवर ठेवली. "पाहा भाऊ, ही रोहिणखेडच्या लढाईतली हाये. जमालखान जिच्या गोळीनं पडला ती हीच, असं आमचा आजा सांगे."

मी कापड बाजूला केले. तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास आला. नळीच्या बुडाशी उजव्या अंगाला नखाएवढी लोखंडी तोटी होती आणि तिच्यावर आपटायला घोडा. तोटीवर तांब्याची टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी फुटते आणि ठिणगी नळीत जाते. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर अंगठ्याने गंज पुसला तेव्हा पुढचे पाय उचलून उभा राहिलेला एक सिंह दिसला, पायांत मुकुट धरलेला. शेजारी आकडे होते : १८४५.

हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत कंपनीच्या बंदुकांवर बदामाच्या आकाराची खूण असे. तिचे चार भाग करून त्यांत कंपनीच्या नावाची चार आद्याक्षरे कोरलेली असत. पुढे त्या बदामाच्या जागी सिंह आला. टोपीची बंदूक कंपनीच्या फौजेत आली ती १८४०च्या सुमारास. म्हणजे बाजेवरची बंदूक घडली तेव्हा जमालखानाला मरून अडीचशे वर्षे झाली होती.

हे घरधन्यांना लगेच सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी चहा सांगितला होता. परत आल्यावर मात्र मी रोहिणखेडच्या लढाईचे जेवढे कागद मराठीत आणि इंग्रजीत वाचता येतात तेवढे पुन्हा काढून बसलो. बंदूक खोटी ठरली तरी गोळी खरी होती.

ती गोळी कुणाला लागली आणि का, ते आधी सांगतो. अहमदनगरच्या निजामशाहीत १५८८ ते १५९१ या तीन वर्षांत चार राजे झाले. मुर्तजा निजामशाहाला १५८८मध्ये त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, मारले. वर्षही उलटले नाही तोच त्या मुलाचाही खून झाला. मग जमालखान या दख्खनी सरदाराने इस्माईल नावाचा पोरसवदा राजा गादीवर बसवला आणि कारभार आपल्या हातात घेतला. जमालखान महदवी पंथाचा होता. त्याच्या काळात महदवी पंथाला राजाश्रय मिळाला आणि त्या धामधुमीत शहरातल्या परदेशी, म्हणजे इराणी-तुराणी, सरदारांची कत्तल झाली. इस्माईलचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. मुलगा गादीवर आणि बाप परागंदा, अशी ही स्थिती. अकबराने बुऱ्हाणला फौज देऊ केली. ती त्याने घेतली नाही, कारण मोगल फौज घेऊन आलेला राजा दख्खनेत कुणाला पचला नसता. त्याने मदत घेतली खानदेशच्या राजे अलीखानाची. दक्षिणेकडून विजापूरकरही उठले.

बुऱ्हाणचा वऱ्हाडातला पहिला प्रयत्न फसला होता. दुसऱ्या वेळी जमालखानाने आधी दक्षिणेकडे झेप घेऊन धाराशिवजवळ विजापूरच्या दिलावरखानाला मोडले आणि त्याचे तीनशेच्या आसपास हत्ती धरले. मग तसाच उलटा फिरून तो वऱ्हाडाकडे निघाला. घाट उतरून खाली येताच रोहिणखेडपाशी राजे अलीखान आणि बुऱ्हाण समोर उभे होते.

या लढाईची हकिगत मुख्यतः दोन फारसी बखरकारांकडून कळते. पहिला फरिश्ता. दुसरा सय्यद अली तबातबाई, 'बुऱ्हाने मआसिर'चा कर्ता. भ. ग. कुंटे यांनी दोघांनाही मराठीत आणल्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला ते परके नाहीत. दोघांना साक्षीदार म्हणून बोलवायचे तर आधी त्यांची उलटतपासणी घ्यायला हवी.

तबातबाई बुऱ्हाणच्या पदरी होता. ग्रंथाच्या नावातच धन्याचे नाव गुंफलेले आहे आणि त्या नावाच्या अक्षरांची बेरीज हिजरी १००० अशी काढतात, म्हणजे लढाईनंतरचेच साल. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयानंतर लगेच लिहवून घेतलेला हा इतिहास आहे. फरिश्त्याचे प्रकरण जास्त मजेचे. तो अहमदनगरात वाढला, तिथल्या चाकरीत राहिला, आणि कत्तलीनंतर, १५८९च्या अखेरीस, विजापूरला निघून गेला. दिलावरखानाच्या फौजेबरोबर तो धाराशिवकडच्या त्या लढाईत स्वतः होता. तिथे जखमी झाला, जमालखानाच्या लोकांच्या हाती सापडला आणि कसाबसा निसटला. म्हणजे रोहिणखेडला पडलेल्या माणसाकडून नुकताच मार खाल्लेला हा लेखक आहे. जमालखानाविषयी गोड लिहिण्याचे दोघांनाही काहीच कारण नव्हते.

म्हणून फरिश्त्याच्या हकिगतीतली एक गोष्ट मी जास्त धरून बसतो. जमालखानाचे लोक तहानेने हैराण असूनही त्यांनी असा हल्ला केला की लढाई जवळजवळ त्यांच्या हाती गेली होती, असे त्याच्या लिहिण्यावरून दिसते. शत्रूच्या हातून असे कबूल झाले की ते खरे मानायला हरकत नसावी.

आता तारीख. वऱ्हाडच्या इंग्रजी गॅझेटिअरांत आणि त्यांच्यावरून लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांत ही लढाई १५९०ची म्हणून सापडते. मूळ साल हिजरी ९९९ आहे. हे वर्ष इसवी सनाच्या ऑक्टोबर १५९०च्या अखेरीस सुरू झाले आणि १५९१च्या ऑक्टोबरात संपले. वर्ष जिथे सुरू झाले तोच आकडा टिपून मोकळे व्हायचे, या सवयीतून १५९० आले असावे. लढाई रजब महिन्याच्या १३ तारखेची. रजब हा सातवा महिना. हिशेब मांडला की ७ मे १५९१ येते (त्या वेळच्या जुन्या युरोपीय पंचांगाने २७ एप्रिल). तारखेचा हा काथ्याकूट वाचकाला कंटाळवाणा वाटेल, पण त्याच्याशिवाय लढाई कळत नाही. पौर्णिमा एका दिवसावर, महिना वैशाख. घाटाखालच्या रानात तेव्हा काय ऊन असते ते मलकापूर-मोताळ्याच्या माणसाला सांगायला नको. बखरीत तहान का आहे, याचे उत्तर पंचांगात आहे. ऑक्टोबर १५९०मध्ये, नुकत्याच संपलेल्या पावसाळ्यानंतर, ही तहान लागली नसती. आणखी एक आधार : अकबराने आपला कवी फैजी याला बऱ्हाणपूर आणि अहमदनगरकडे वकील म्हणून धाडले ते १५९१च्या ऑगस्टमध्ये. तोपर्यंत बुऱ्हाण गादीवर बसलेला होता.

तर जमालखान घाट उतरला. पाठीवर विजापूरचे घोडदळ होते आणि छावणीतून एकेक सरदार फुटून बुऱ्हाणकडे जात होता. पुढे पाणी आहे असे कळून फौज धावत गेली, तर पाणवठ्यावर शत्रू आधीच बसलेला. थोडेफार पाणी मिळाले ते शिंदीच्या बनात. माणसे आणि जनावरे तेवढ्यावर भागवून त्याच दिवशी लढायला उभी राहिली.

इथे मी बखरीपलीकडे एक पाऊल टाकतो. ते माझे आहे, फरिश्त्याचे नव्हे. धाराशिवकडून वऱ्हाडात इतक्या घाईने आलेली आणि अवघड घाट उतरलेली फौज जड तोफा बरोबर आणू शकत नाही. घाटाखाली वाट अडवून बसलेल्याला मात्र तोफा मांडायला सवड मिळते. शिवाय पाणी नुसते प्यायला लागत नाही. तोफ डागली की आतली धग आणि जळकी दारू ओल्या बोळ्याने पुसून काढावी लागते, नाहीतर पुढचा बार भरतानाच पेट घेतो. पाणवठा राजे अलीखानाकडे होता तो अशा दोन्ही अर्थांनी. तेव्हा त्या दिवशी दारूगोळ्याचे पारडे खानदेशकरांकडे झुकलेले असणार.

हल्ला रंगात असताना जमालखानाला गोळी लागली आणि तो पडला. झाडणाऱ्याचे नाव इतिहासात नाही. सेनापती पडल्याबरोबर फौज फुटली. इस्माईलला घेऊन काही सरदार पळाले, पण पोरगा सापडला. बापाने मुलाला कैदेत टाकले आणि स्वतः अहमदनगरचे तख्त घेतले. महदवी पंथाचा राजाश्रय तिथेच संपला. धाराशिवला धरलेले विजापूरचे हत्ती पुन्हा विजापूरकरांकडे गेले. चार वर्षांनी, १५९५मध्ये, बुऱ्हाण मेला, वारसांत भांडणे झाली, मोगल चालून आले, आणि १५९६च्या तहात चांदबिबीला वऱ्हाड अकबराच्या पदरात टाकावे लागले.

रोहिणखेडात आजही उभी असलेली मशीद हिजरी ९९०ची, म्हणजे १५८२ची. ती बांधणारा खुदावंदखान हाही महदवी. जमालखानाच्या पंथाची वास्तू त्याच्या मरणाच्या जागी नऊ वर्षे आधीच उभी होती. दगडाने आपले साल अंगावर वागवले, म्हणून हे दोन वाक्यांत सांगता आले.

बंदुकीचे तसे नाही. गोळी कशातून आली असेल, याचे तीन पर्याय धरता येतात. पहिला, तोड्याची बंदूक. लांब नळी, बुडाला कान, कानावर चिमूटभर रंजक आणि घोड्याच्या चोचीत पेटती वात, म्हणजे जामगी. चाप ओढला की चोच खाली येते आणि वात रंजकीला लागते. हिचा नेम धरवत असे, पण शंभर पावलांपलीकडे तो नेम देवाच्या हाती. दुसरा पर्याय जंबुरा किंवा जेजाल : आधारावर वा उंटाच्या खोगिरावर बसवलेली, बंदुकीहून मोठी आणि तोफेहून लहान. तिसरा, लहान तोफ, जिला फारसीत 'जर्बजन' म्हणत.

या तिसऱ्या पर्यायाविषयी एक नामी कागद आहे, मात्र तो रोहिणखेडचा नाही आणि त्या सालचाही नाही. जानेवारी १६०१मध्ये अकबराने अशीरगड घेतला. हा किल्ला म्हणजे राजे अलीखानाच्या घराण्याची, खानदेशच्या फारुकींची, तिजोरी आणि शस्त्रागार. गडावर काय सापडले याची मोजदाद फैजी सरहिंदी या लेखकाने लिहून ठेवली. (हा त्या कवी फैजीहून वेगळा.) लहानमोठ्या सुमारे १३०० जर्बजन, त्यांतल्या काही निकामी. गोळे जवळजवळ दोन मणांपासून ते शेर-अर्ध्या शेरापर्यंत. राजे अलीखान १५९७मध्ये गोदाकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना मेला होता. त्यामुळे या ढिगातला काही भाग तरी त्याच्याच कारकिर्दीतला असणार. त्या यादीतला 'अर्धा शेर' हा शब्द वाचताना मी थांबलो. अर्ध्या शेराचा गोळा टाकणारे हत्यार दोन माणसे उचलू शकतात आणि पाणवठ्याच्या बांधावर मांडू शकतात. जमालखान अशाने पडला असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, तशी हत्यारे त्याच्या शत्रूकडे मुबलक होती आणि 'बंदूक' हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे येणारे चित्र कदाचित चुकीचे असेल.

आणि याच रानात १४३७मध्ये झालेल्या पहिल्या लढाईत बंदूक नव्हतीच. खानदेशचा नासिरखान वऱ्हाडात घुसला होता. बहामनींच्या खलफ हसन बसरीने परदेशी तिरंदाज घेऊन त्याला रोहिणखेडपाशी मोडले आणि बऱ्हाणपुरापर्यंत हाकलले. दोन लढायांत दीडशे वर्षे. बाणाच्या जागी शिसे आले ते या मधल्या काळात.

त्या काळची दख्खनी हत्यारे मुळीच उरली नाहीत असे नाही. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान याच निजामशाहीच्या कारखान्यातली. मुहंमद बिन हसन रूमी याने ती हिजरी ९५६मध्ये, म्हणजे १५४९ साली, अहमदनगरात ओतली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून १६३२मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. १६८६मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि तोफेच्या अंगावर आपलाही लेख कोरून घेतला. ओतणाऱ्याचे नाव, धन्याचे नाव, जिंकणाऱ्याचे नाव, सगळे एकाच धातूवर. दुसरा कागद नसता तरी या तोफेचे चरित्र अर्धेअधिक लिहिता आले असते.

शिपायाच्या हातातल्या बंदुकीच्या नशिबी असे कोरीवकाम नव्हते. दस्ता मोडला की नवा बसवला, नळी फाटली की लोहाराने तिचे दुसरे काही केले. तोड्याची बंदूक पुढे टोपीची करून घेतली. १८५७नंतर १८६०च्या आणि १८७८च्या कायद्यांनी लोकांकडची हत्यारे काढून घेतली किंवा परवान्यात बांधली. विलायतेत मात्र त्याच हत्यारांची कौतुके झाली : विल्ब्रहॅम एगर्टनने लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या हिंदी शस्त्रांची सचित्र यादी १८८०मध्ये छापली. ती चाळताना माझ्यातल्या संग्राहकाला हेवा वाटतो आणि इतिहासवाल्याला राग येतो. हत्यार कुठून आले याला तिथे बहुधा प्रांताचे नाव पुरते. कुणाच्या घरातून, कोणत्या लढाईनंतर, हे क्वचितच. आपल्याकडची संग्रहालयेही यात मागे नाहीत. 'बंदूक, १८वे शतक' एवढ्या चिठ्ठीवर हत्यार पन्नास वर्षे काचेआड राहते.

याच्या अगदी उलट पोलिसांच्या हत्याराचे. जुनी पोलीस हत्यारे जमवणाऱ्यांना आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना '४१०' हा आकडा पुरतो. ईशापूरच्या कारखान्याने लष्करी ली-एन्फिल्ड रायफलींच्या नळ्या बदलून ही '४१०' मस्केट केली. पोलीस आणि तुरुंगावरचे पहारेकरी ती वापरत. मूळची दहा गोळ्यांची पेटी लाकडी ठोकळ्याने बुजवलेली, त्यामुळे एका वेळी एकच काडतूस. दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे, 'ईशापूर' आणि साल. स्वातंत्र्यानंतरच्या हत्यारांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह. एखाद्या मस्केटीवर दोन्ही काळांच्या खुणा सापडतात तेव्हा ती कारखान्यात दुसऱ्यांदा गेल्याचे कळते. वर रॅकचा क्रमांक, ठाण्याची नोंदवही, दारूगोळ्याचा हिशेब. या मस्केटीने कधी कुणाचे राज्य घालवले नसेल, पण तिचा रोजचा मुक्काम लिहून ठेवलेला आहे. रोहिणखेडच्या बंदुकीने राज्य फिरवले आणि ती कुठे गेली याची ओळही नाही.

महिनाभराने मी पुन्हा त्या घरी गेलो. एव्हाना घरधन्यांना कुणीतरी सांगितले होते की शंभर वर्षांवरच्या बंदुकीला परवाना लागत नाही. हा समज बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेत १८९८पर्यंत बनलेले हत्यार 'अँटिक' धरतात, तिथे साल बघतात. आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमातले ४५वे कलम सालावर थांबत नाही. जुन्या धाटणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचे हत्यार कायद्यातून सुटते ते केव्हा, तर दुरुस्त करून किंवा न करता ते चालूच शकत नसेल तेव्हा. यांच्या बंदुकीचा घोडा ठणठणीत होता. आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हेही मी सांगून टाकले, कारण त्यांचा भाचा परदेशी गिऱ्हाइकाची गोष्ट करत होता.

"परवाना हाये ना," म्हणत त्यांनी पत्र्याची पेटी आणली. आणि खरा ऐवज त्या पेटीत निघाला. शेतीसंरक्षणासाठी दिलेला एकनळी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, आधी वडिलांच्या नावे, मग यांच्या. दर नूतनीकरणाचा शिक्का. रोही आणि रानडुकरे पिकात येतात असा तलाठ्याचा दाखला. आणि एका दोऱ्यात ओवलेल्या पावत्यांची चळत : निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत, दर वेळी एक पावती. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, सगळ्या. काही पावत्यांवर हत्याराचे वर्णनही होते. एका हवालदाराने 'घोड्याखाली वाघाचे चित्र' असे लिहिले होते. एवढ्या वर्षांत त्या सिंहाकडे बघणारा तो एकटाच.

मी त्या पावत्या तारखेने लावून दिल्या. मग एका कोऱ्या कागदावर लिहिले : कंपनीची टोपीची बंदूक, पट्टीवर १८४५, नळीचे भोक पाऊण इंच, दस्ता पुढून कापलेला, घरात किमान तीन पिढ्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"यात रोहिणखेड नाही लिहिलं तुम्ही."

मी खाली आणखी एक ओळ घातली : 'रोहिणखेडच्या लढाईतली, असे घरात सांगतात.' कागदाची घडी त्यांनी परवान्यात ठेवली आणि बंदूक पुन्हा धोतरात गुंडाळायला घेतली.